हॉटेलच्या बारमध्ये पहिल्यांदा कॉकटेल प्यायला जाताय? नवी मुंबई-ठाणेकरांनो, हे वाचून जा

आमच्या वहिनीचा चाळिसावा वाढदिवस होता. ती ठाण्याची, मी नेरुळची, आणि दोघींनी ठरवलं की ह्या वेळेस केक-बिक राहू दे, एखाद्या चांगल्या हॉटेलच्या बारमध्ये बसून नीट कॉकटेल प्यायचं. वाशीच्या एका हॉटेलच्या गेटवर रिक्षा थांबवली, कारण आत पोर्चपर्यंत रिक्षा सोडत नाहीत, तिथून चालत गेलो, पर्स मशीनमधून गेली, दार उघडलं आणि लॉबीतल्या गार हवेत वहिनी माझ्या कानात म्हणाली, "अगं, आपण काही इथे राहायला नाही आलोय, असं सरळ आत शिरलेलं चालतं ना?"

चालतं. रूम घेतलेली असायची काही गरज नाही. लॉबीत कोणी विचारलंच तर "बारमध्ये जायचंय" एवढं म्हणायचं, माणूस स्वतः येऊन दार दाखवतो. मला वाटतं आपल्याकडचे निम्मे लोक ह्या एका प्रश्नापायीच जात नाहीत, पैशाचा नंबर नंतर लागतो. परमिट रूममध्ये बिनधास्त घुसणारा माणूस सुद्धा संगमरवरी लॉबी बघून गडबडतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, वहिनीला तेव्हा जे जे प्रश्न पडले आणि मला त्याच्या आधी तीन-चार वर्षं जे जे कळत नव्हतं ते सगळं.

हॉटेलचाच बार कशाला?

कारण कॉकटेलचं माहेर तिथलंच आहे. सिंगापूर स्लिंग सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात साधारण १९१५ च्या सुमारास तयार झालं, पिन्या कोलाडा पोर्तो रिकोच्या कॅरिब हिल्टनमध्ये १९५४ साली. आपल्या मुंबईत ताजमहाल पॅलेसमधला हार्बर बार १९३३ चा, आणि शहरातलं बारचं पहिलं लायसन्स त्यांचं, असं ते अभिमानाने सांगतात. नंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पुढे तो सैल होत गेला आणि परमिट असलेल्यालाच बसून प्यायला मिळेल अशा खोल्या निघाल्या, आपल्या पाटीवरचं 'परमिट रूम' तिथून आलं. पाटी अजून आहे, परमिट कोणाच्या खिशात नसतं ही गोष्ट वेगळी.

दुसरं कारण बायकांसाठी जास्त महत्त्वाचं. परमिट रूममध्ये आम्ही गेलो की 'फॅमिली सेक्शन वर आहे' म्हणून जिना दाखवतात, आणि वर गेलं की एसी, निळी लाइट आणि शेजारच्या टेबलवाल्याची टकमक. हॉटेलच्या बारमध्ये दोन बायका काउंटरला बसल्या तर कोणी मान वळवून बघत नाही. सिक्युरिटी असते, वॉशरूम स्वच्छ असतं, आणि निघताना गाडी येईपर्यंत लॉबीत सोफ्यावर निवांत बसता येतं. माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

कुठे आणि कधी

आपल्या बाजूला आता बऱ्यापैकी पर्याय आहेत. बेलापूरला सीबीडीत द पार्क आहे, तिथे पूलच्या कडेला मोकळ्यावर बसता येतं, पाऊस नसेल तेव्हा मस्त. वाशी स्टेशनच्या जवळ फोर पॉइंट्स बाय शेरेटन, वाशीतच फॉर्च्यून सिलेक्ट एक्झॉटिका, तुर्भ्याला विवांता. ठाण्यात ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून फॉर्च्यून पार्क लेकसिटी. कुठे सगळ्यात भारी असं मी सांगणार नाही, बारटेंडर बदलला की बार बदलतो. जायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: बार कितीपर्यंत चालू आहे, आज कोणाचं प्रायव्हेट फंक्शन तर नाही ना, आणि हॅपी अवर्स आहेत का.

दिवस निवडताना डोकं लावा. शुक्रवारी ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधलं पब्लिक सुटतं, मीही त्यातलीच, त्यामुळे काउंटरला जागा मिळत नाही. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला मोठं प्रदर्शन असलं की आजूबाजूची हॉटेलं बिल्ला गळ्यात अडकवलेल्या लोकांनी भरलेली असतात. नेरुळच्या डी वाय पाटीलला मॅच किंवा कॉन्सर्ट असेल तर विषयच सोडा, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले तेव्हा माझ्या बिल्डिंगखाली रिक्षा मिळत नव्हती. आणि गटारीच्या आसपास तर अजिबात नको.

माझा आवडता काळ म्हणजे श्रावण. हसू नका. अर्धं पब्लिक पाळतं, बार रिकामा असतो, बारटेंडरला बोलायला वेळ असतो, बाहेर पाऊस असतो. श्रावणातल्या मंगळवारी संध्याकाळी सातला जाऊन बघा. आता तुमच्या घरी पाळत असतील तर मग तुमचं तुम्ही बघा.

ड्राय डे कॅलेंडरमध्ये बघून घ्या, स्टार हॉटेल असलं तरी सूट नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात, पण आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी लोक विसरतात, आणि निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद असतं ते तर हमखास विसरतात. मी स्वतः एकदा मैत्रिणींना घेऊन गेले आणि लिंबू सरबत पिऊन आले.

वय, परमिट, कपडे

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं, पण स्ट्राँग बिअर आणि हार्ड ड्रिंकला २५ पूर्ण लागतात. कॉकटेलमध्ये जिन, व्होडका, रम, व्हिस्की असते म्हणजे २५ च. चेहरा लहान दिसत असेल तर आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा. कायद्याने परमिटही लागतं, एका दिवसाचं ५ रुपयांना, वर्षाचं १०० ला आणि आयुष्यभराचं १००० ला. कोणी विचारत नाही म्हणून कोणी काढत नाही, पण आयुष्यभराचं ऑनलाइन काढता येतं, एकदाच काढून टाका की.

कपड्यांचं टेन्शन बायकांनी घेऊच नका, वहिनी चंदेरी कुर्ता आणि झुमके घालून आली होती आणि बारमधली सगळ्यात छान तीच दिसत होती. पुरुषांनी मात्र हाफ पँट आणि चपला टाळा. माझ्या भावाला एकदा फ्लोटर्स घातले म्हणून एका हॉटेलने दारातच थांबवलं, आणि त्याच वेळी एक गोरा पाहुणा रबरी स्लिपर घालून त्याच्या शेजारून आत गेला. दादा तणतणत गाडीपर्यंत गेला आणि डिकीतले मॉर्निंग वॉकचे चिखलाचे बूट घालून आला. ते चालले.

आत गेल्यावर

टेबलवर बसू नका, काउंटरला बसा. हे ह्या अख्ख्या लेखातलं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल. टेबलवर बसलं की वेटर येतो, मेन्यू ठेवतो, आपण गोंधळतो आणि शेवटी ओळखीचं नाव दिसतं म्हणून मोहितो मागवतो. काउंटरला समोर बनवणारा माणूसच असतो, त्याला विचारता येतं आणि तो काय काय घालतोय ते दिसतं. दोघंतिघं असाल तोवर काउंटर, जास्त असाल तर टेबल, कारण रांगेत बसून पलीकडच्याशी बोलता येत नाही.

आणि बारटेंडरशी मराठीत बोला, खरंच. हसून उत्तर मिळतं. वहिनी पहिल्या दोन मिनिटांत त्याला "अहो दादा" म्हणाली आणि तो असा खुलला की विचारू नका, साताऱ्याकडचा निघाला.

त्याला ड्रिंकचं नाव सांगायची गरज नाही, चव सांगा. आंबट हवंय का गोड, का थोडं कडू चालेल, सोडा घातलेलं मोठ्या ग्लासमध्ये हवंय का छोटं आणि कडक, आणि कुठली दारू चालत नाही. "जिन चालेल, आंबट, जास्त गोड नको" एवढ्यावर चांगला माणूस तुम्हाला बरोबर वस्तू देतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी रुबाबात ड्राय मार्टिनी मागवली, मला वाटलं निळं-गुलाबी काहीतरी गोड येईल. आलं काय, तर पाण्यासारखी दिसणारी थंडगार जिन, तिला वर्मूथचा नुसता वास लावलेला, आणि काडीला टोचलेलं खारट ऑलिव्ह. पहिल्या घोटात डोळ्यात पाणी आलं आणि ८०० रुपये दिलेत म्हणून पाऊण तास ते संपवत बसले. (वर्मूथ म्हणजे औषधी पाला-साली घातलेली थोडी कडक वाइन, कडवट-गोडसर.)

काय मागवायचं

नवीन असाल तर आंबट घराण्यापासून सुरुवात करा. दारू, लिंबू, साखर, बस. रम घातली की डायकिरी, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर, टकीला आणि संत्र्याची लिकर (म्हणजे गोड, फळाच्या चवीची दारू) घातली की मार्गारिटा. आपल्याला लिंबू सरबताची सवय आहे त्यामुळे जीभ लगेच ओळखते, आणि बार चांगला आहे का ते पण इथेच कळतं. ताजं लिंबू आहे का बाटलीतला रस, ते पहिल्या घोटात समजतं. बाटलीतला असेल तर दुसरं ड्रिंक तिथे घेऊ नका, बिअर घ्या किंवा उठा.

व्हेज मंडळींसाठी दोन गोष्टी ज्या मेन्यूवर बऱ्याचदा लिहिलेल्या नसतात. व्हिस्की सावरवर जो पांढरा फेस असतो तो अनेक ठिकाणी अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. आणि ब्लडी मेरीत वूस्टरशायर सॉस घालतात, त्यात पारंपरिक पद्धतीने अँचोवी नावाचे छोटे मासे असतात. वहिनी शुद्ध शाकाहारी, तिने सावर मागवलं, मी म्हटलं आधी विचार, तिने विचारलं, "दादा, यात अंडं नाही ना?" तो म्हणाला, "असतं ताई, पण तुम्हाला बिनअंड्याचं करून देतो, फेस कमी येईल." वहिनी म्हणाली, "फेस साबणाला लागतो, मला नको." काउंटरवरचे चार अनोळखी लोक हसले.

ब्लडी मेरीचा विषय निघालाच आहे तर, तिचा न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलशी १९३४ पासूनचा संबंध, तिथे ती रेड स्नॅपर नावाने सुरू झाली, आणि त्यांच्या प्रत्येक शहरातल्या हॉटेलात तिचा स्थानिक अवतार असतो, लोअर परळला तो मुंबई मेरी म्हणून मिळतो. मला टोमॅटो सूप थंड केल्यासारखं लागतं. असो.

आंबट जमलं की पुढची पायरी कडू. नेग्रोनी घ्या, जिन, कँपारी (इटलीची लाल, कडू दारू) आणि गोड वर्मूथ, तिन्ही सारखे. पहिल्यांदा कारल्यासारखं वाटेल, तिसऱ्यांदा आवडायला लागेल.

आणि एकदा तरी ओल्ड फॅशन्ड मागवून ते बनताना बघा. आमच्या त्या साताऱ्याच्या दादाने जाड काचेच्या भांड्यात व्हिस्की आणि साखरेचा पाक घेतला, एका कागद गुंडाळलेल्या छोट्या बाटलीतून बिटर्सचे दोन-तीन फटकारे मारले, ते म्हणजे दारूतला काढाच, मसाल्याचा आणि सालींचा. मग बर्फ घालून पीळ असलेल्या लांब दांड्याच्या चमच्याने ढवळायला लागला. चमच्याची पाठ काचेला चिकटलेली, बर्फ अख्खा गोल फिरतोय आणि आवाज म्हणजे शून्य. मी विचारलं हलवत का नाही त्या डब्यात घालून, तर म्हणाला लिंबू, फळं, अंडं असलं की हलवायचं, नुसती दारूच दारू असेल तर ढवळायचं, नाहीतर हवा मिसळून गढूळ होतं आणि पाणी जास्त सुटतं. शेवटी मोठ्या चौकोनी एकाच खड्यावर ओतलं, संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासवर धरून चिमटला आणि लाइटच्या उजेडात सालीतल्या तेलाचा बारीक फवारा दिसला, ग्लासाच्या कडेवर बसलेला. वहिनीने तो ग्लास पाच मिनिटं नुसताच हुंगला. बर्फाचा खडा मोठा का, तर लहान लहान दहा खड्यांपेक्षा एका मोठ्याला हवा-दारूचा स्पर्श कमी होतो, हळू वितळतो. 'अहो बर्फानेच ग्लास भरला' अशी तक्रार करू नका, दारू मापूनच घातलेली असते, बर्फ कमी केला तर ड्रिंक उलट लवकर पाणचट होतं.

स्थानिक चवीचं काही असेल तर ते नक्की विचारा, कोकम, कैरी, गवती चहा. कोकम आणि जिन तर असं जमतं की वाटतं सोलकढीवाल्यांनी हे आधीच का नाही केलं. जिन देशीच सांगा, गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन २०१७ ला आली आणि स्ट्रेंजर अँड सन्स त्याच्या पुढच्या वर्षी, दोन्ही चांगल्या आणि इम्पोर्टेडपेक्षा स्वस्त पडतात.

एका नावापासून सावध: लाँग आयलंड आइस्ड टी. चहा नसतो त्यात. व्होडका, जिन, रम, टकीला, संत्र्याची लिकर, प्रत्येकी १५ मिली धरलं तरी ७५ मिली होते, आपला लार्ज पेग ६० चा असतो. वरून कोलामुळे गोड लागतं म्हणून गटागट जातं. ऑफिसच्या पार्टीत दोन पिऊन एचआरला मिठी मारणारा माणूस मी बघितलाय.

प्यायच्या आधी काहीतरी खाऊन जा, तिथे चखणा म्हणून परमिट रूमसारखे उकडलेले चणे आणि काकडी येत नाही, फार तर वाटीभर शेंगदाणे-काजू, ते संपले की परत मागायला लाजू नका, सहसा फुकट असतात. आणि पाणी मागताना "साधं पाणी" असा शब्द स्पष्ट वापरा, नुसतं "पाणी" म्हटलं की काचेची बाटली उघडून ठेवतात आणि तिचं बिल बघून तहान मरते.

बिल

इथे लोक खरे दचकतात म्हणून नीट सांगते. दारूला जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. साध्या बारमध्ये तो २०२३ च्या नोव्हेंबरपासून ५ वरून १० टक्के झाला, मोठ्या स्टार हॉटेलात २० टक्के लागतो. खाण्याला जीएसटी वेगळा, ५ टक्के किंवा महागड्या हॉटेलात १८. म्हणजे समजा प्रत्येकी ८०० ची दोन कॉकटेल आणि ६०० चं एक स्टार्टर, मेन्यू कार्डावर २२०० दिसतात, पण व्हॅटचे ३२० आणि १८ टक्क्यांनी खाण्यावरचे १०८ धरून २६२८ होतात. घरून निघताना हाच आकडा डोक्यात ठेवा.

त्याखाली सर्व्हिस चार्ज म्हणून अजून १० टक्के लिहिलेला असू शकतो. तो कर नाही. २०२२ च्या केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे तो जबरदस्तीने लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. शांतपणे "हा काढा" म्हणायचं, काढतात. एका ठिकाणी मॅनेजरने मला "मॅडम, सिस्टममधून निघत नाही" सांगितलं, मी म्हटलं थांबते निघेपर्यंत, चार मिनिटांत निघाला. मी मग तेच पैसे, थोडे कमी करून, बारटेंडरच्या हातात देते.

हॅपी अवर्समध्ये एकावर एक असेल तर एक विचारून घ्या, दोन्ही ग्लास एकदम आणून ठेवणार का दुसरा नंतर देणार. एकदम आणले तर दुसऱ्यातला बर्फ वितळून जातो आणि घाईत प्यायलं जातं, म्हणजे फुकटचं पण वाया.

घरी

गाडी नेऊच नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्याच वेळेला १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पाम बीच रोडला रात्री नाकाबंदी असते हे सांगायला नको. दोन कॉकटेल म्हणजे त्याच्या वर जाणार असंच धरून चाला. ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. रिक्षाला रात्री बारानंतर मीटरवर सव्वापट द्यावे लागतात, ते हक्काचे आहेत त्यांचे, भांडू नका.

आम्ही साडेदहाला उठलो. दोन-दोनच ग्लास झाले होते, वहिनीचं एक सावर बिनफेसाचं आणि एक कोकमवालं. कॅबमध्ये बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती, ऐरोली ओलांडली तेव्हा म्हणाली, "त्या दादाला विचारायचं राहिलं गं, तो कोकमाचं आगळ वापरतो का अमृत कोकम. आगळ असेल तर मी घरचं नेऊन देईन, त्याचं जरा पातळ होतं."